पालघटावर चहाचा कप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीच्या दिवशी वारली चित्रांच्या कार्यशाळाही घेते. पुस्तकं आणि व्हिडिओ बघूनच शिकले, वारल्यांच्या मुलखात, डहाणूकडे, कधी गेलेली नाही. मागच्या कार्यशाळेत मुलांनी लाकडी कोस्टरवर लग्नचौक काढले आणि मी त्यांचे फोटो सगळ्यांना दाखवले. एका वारली तरुणाचा मेसेज आला, 'आमच्या पालघटावर तुम्ही चहाचा कप ठेवणार का?' काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून फोटो काढून टाकले आणि त्याला ब्लॉक केलं. त्यातच एका प्रकाशकाने लहान मुलांसाठी 'वारल्यांचं जग' या विषयावर पुस्तक मागितलंय, मजकूर आणि चित्रं दोन्ही माझीच. त्यात वारल्यांच्या औषधी वनस्पतींवरही एक पान हवंय. नवरा म्हणतो, कला कुणाच्या बापाची नसते. मैत्रीण म्हणते, वारली शिकवणं बंदच कर. मी ही कला चोरतेय की जिवंत ठेवतेय?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. चोर म्हणा नाहीतर तारणहार, दोन्ही गोष्टींत मुख्य पात्र तुम्हीच आहात. त्या तरुणाने तुम्हाला यातलं काहीच म्हटलेलं नाही. त्याने एका कोस्टरबद्दल साधा, नेमका प्रश्न विचारला. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच होतं आणि ते देण्याऐवजी तुम्ही दार लावून घेतलंत. दुखावल्यावर माणूस असं करतो, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. पण तो प्रश्न आधी समजून घेऊ, कारण तुमच्या पुस्तकाचं बरंचसं कोडं त्यातच सुटतं.

वारल्यांच्या घरात लग्न असलं की भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल करतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करून, सवाष्ण बाया त्या भिंतीवर चौक लिहितात. चौकोनाला साखळीसारख्या नक्षीचे काठ, आत पालघट, म्हणजे सुफलतेची देवी, तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहान देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पाच डोक्यांचा देव, पंचशिऱ्या. लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणत. देवी आत बसल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हा चौक घर सजवायला काढलेला नसतो, तो विधीचाच भाग असतो. आता या देवीसकट तो चौक चार इंचाच्या कोस्टरवर आला आणि त्यावर कप ठेवायचा, एवढंच त्या मुलाला दिसलं. मलाही तेच दिसलं असतं.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कदाचित तुमच्याही मनात असेल: वारली कलावंत स्वतःच चौक कागदावर, कापडावर काढून विकतात की! विकतात, खरं आहे. पण आपल्या देव्हाऱ्यातले टाक आपण सोनाराकडून नवे करून घेतो, मुलगा वेगळा झाला की त्यालाही देतो, जुने नदीत सोडतो. म्हणून कुणी परक्याने त्यांचे साचे पाडून किल्लीला अडकवायला विकले तर आपण 'तुमचेही टाक सोनारच करतो ना' हे ऐकून घेणार नाही. काय विकायचं, कुठल्या रूपात, कुणाला, हे ठरवण्याची मुभा ज्याची त्याच्याकडे असते. शिवाय सगळ्या वारल्यांचं यावर एकमत असेल असंही नाही. एखादी म्हातारी हसून म्हणेल, काढ बाई, काय बिघडतं. दुसरी उठून आत जाईल. आपण बाहेरच्या बायांनी त्यातलं सोयीचं उत्तर निवडून घ्यायचं नाही, एवढं तरी पाळता येतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. लग्नचौक आणि देवचौक तुमच्या कार्यशाळेतून आजच काढा. शेतीची कामं, झाडं, जनावरं, पाड्यावरची घरं, नाच, हे वारली कलावंत स्वतः बाहेरच्यांना शिकवत आलेत, तिथे तुम्हाला जागा आहे. मात्र नाच काढायला शिकवाल तर नीट शिकवा. बाजारातल्या कपांवर, कुर्त्यांवर तारपा, म्हणजे नाचाच्या मधोमध फुंकून वाजवायचं वाद्य, बिगुलासारखा काढलेला असतो आणि माणसांचं कडं गच्च बंद. तारपा दुधी भोपळ्याचा असतो, खाली रुंद होत गेलेला, वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले. नाचणाऱ्यांची रांग एकमेकांच्या कमरेत हात घालून तारपकऱ्याभोवती फिरते, त्याच्या वळण्याने वळते. ती उलगडत जाणारी रांग आहे, तिला एक शेपूट असतं. ज्याने ती एकदा पाहिली तो बंद कडं काढत नाही. तुम्ही पाहिलेली नाही, आणि डहाणू मुंबईहून लोकलने गाठता येतं.

आता 'जिवंत ठेवतेय' या शब्दांकडे येते, कारण पत्रात तुम्ही ते आधाराला घेतलेत.

ही कला मरायला टेकली होती आणि शहराने तिला उचललं, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. झालं असं की 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी हस्तकला विभागाच्या वतीने भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. त्यातून जिव्या सोमा म्हशे यांचं नाव झालं, त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. कुलकर्णींचं काम मोठंच आहे. पण कागद पोचला म्हणून कला जगली असं म्हणताना, लग्नात भिंत लिहिणाऱ्या बाया आधी आणि नंतरही होत्याच हे आपण विसरतो. उलट कागदाबरोबर एक वेगळीच गोष्ट घडली: जी चित्रं सवाष्णी काढायच्या, त्यांचं नाव आणि पैसा बराचसा पुरुषांकडे गेला. माझ्या मते वारली चित्रांबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लिहायला हवं, आणि फार थोडे लिहितात. तुम्ही कुणाला विचारायला जाल तेव्हा पुढे आलेल्या, मोबाइल नंबर छापलेल्या कलावंतांशीच बोलून परतू नका. घरातल्या बाईशी बोला.

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर तुमच्या कार्यशाळेत वाटायच्या कागदांवर मासेमारीच्या जाळ्याचं चित्र आहे का, ते बघा. बारीक पांढऱ्या रेघांचं पानभर पसरलेलं जाळं, त्यात मासे, कडेला नावा. अनेक ठिकाणी ते 'पारंपरिक वारली नमुना' म्हणून देतात. अशी जाळी म्हशे यांनी काढली आणि ती त्यांचीच म्हणून ओळखली जातात. शहरातल्या चित्रकाराचं चित्र असतं तर खाली नाव आलं असतं. आदिवासीचं म्हटलं की ते 'परंपरेचं' होतं, म्हणजे कुणाचंच नाही. तुमच्या यजमानांचं 'कला कुणाच्या बापाची नसते' हे वाक्य तिथूनच येतं. त्यांना सांगा की 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं हक्क टिकतात. म्हशे 2018 साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क 2078 अखेरपर्यंत चालतील. तेव्हा जाळं कुणाचंतरी आहे.

पण कायदा इथे अर्ध्या वाटेवर थांबतो, हेही सांगायला हवं. चौकावर कॉपीराइट नाही, कारण त्याचा एक कुणी कर्ता नाही आणि तो कधीचा हे कुणी मोजलेलं नाही. वारली पेंटिंगला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघ, म्हणजे 'आयुश', याने खटपट केली. हे मानांकन नावाला आणि प्रदेशाला संरक्षण देतं. दोन त्रिकोणांचा माणूस काढायला ते कुणाला मनाई करत नाही. मात्र विकायच्या वस्तूंवर 'वारली पेंटिंग' असं छापायचं असेल तर आधी माहितगार वकिलाला विचारा. तुमचे कोस्टर पालकांना विकले जात असतील तर हे तुम्हालाही लागू आहे. कायद्याने चालेल तेवढं सगळं चांगलं, हा हिशेब मात्र धरू नका. त्या तरुणाचा प्रश्न कुठल्याच कलमात बसत नाही आणि तरी तो बरोबर आहे.

आता पुस्तक. खरं सांगू का, तुमच्या कोस्टरपेक्षा मला या पुस्तकाची धास्ती जास्त वाटते. कोस्टर तुटेल, हरवेल. पुस्तक शाळेच्या कपाटात वीस वर्षं राहील आणि एखादं वारली मूलही ते उघडेल.

मुलांसाठी आदिवासींवर लिहिलेला मजकूर कसा असतो, आपण दोघी जाणतो. 'निसर्गाच्या कुशीत राहणारे साधेभोळे लोक.' 'त्यांच्या गरजा कमी.' 'ते झाडावेलींशी बोलत.' हे शेवटचं 'बोलत' बघा. क्रियापद भूतकाळात गेलं की माणसंही तिकडेच जातात. तीन हजार वर्षांची परंपरा, असंही एक वाक्य हमखास असतं. मातीच्या भिंती तेवढ्या टिकत नाहीत, आणि एवढा मोठा आकडा कशावरून आला हे लिहिणारा सांगत नाही. तुम्हीही तो लिहू नका. कोणाच्या आजीने काय लिहिलं, तिला कुणी शिकवलं, इतकं खरं मिळालं तरी मुलांना पुरतं.

त्या लग्नचौकाचंच घ्या. आपण त्यात आनंद बघतो, आणि तो आहेही. पण याच डहाणू-उंबरगावात लग्नाला पैसा नाही म्हणून सावकाराकडून कर्ज काढणारा वारली त्या कर्जापायी जमीनदाराचा वेठबिगार व्हायचा, त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबायची. त्याला 'लग्नगडी' म्हणत. ही प्रथा आणि वेठ मोडायला 1945 साली वारल्यांनी उठाव केला, तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. त्या लढ्यात किसान सभेच्या गोदावरी परुळेकर होत्या आणि त्यावरचं त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मराठीत सर्वांना माहीत आहे. त्या बाहेरच्याच होत्या. त्यांना वारली भोळे दिसले नाहीत, गांजलेले आणि मग उठलेले दिसले. बाहेरच्या माणसाने लिहूच नये, असं मला मुळीच वाटत नाही, ते यामुळे. कुणाबरोबर उभं राहून लिहिलं, हे मात्र वाचणाऱ्याला कळतं.

दहा वर्षांच्या मुलाला लग्नगडी सांगता येतो का? येतो. 'लग्नासाठी पैसे उसने घेतले की वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतात फुकट राबावं लागे. मग लोकांनी एकत्र येऊन नाही म्हटलं.' झालं. आणि आजचंही सांगा: आश्रमशाळेत राहून शिकणारी मुलं, पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं, वाढवणचं बंदर, त्याला झालेला विरोध. आजचे वारली चित्रकार याच रेघांत आगगाडी, मोटार, मोबाइलचा टॉवर काढतात. पुस्तकात फक्त बैलगाडी असेल तर ते त्यांच्याही मागे पडलेलं पुस्तक होईल.

औषधी वनस्पतींच्या पानाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: ते पान घेऊ नका. हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं आणि आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, ते 1997 साली रद्द करवलं. ते जमलं, कारण हळदीचा हा उपयोग आधीच जागोजागी लिहून छापलेला होता. पाड्यावरच्या भगताचं, म्हणजे झाडपाल्याची औषधं देणाऱ्या जाणकाराचं, ज्ञान तोंडी असतं, त्याच्यामागे असा कागद नसतो. मग लिहून ठेवलेलं बरं नाही का, असं तुम्ही विचाराल. कुणी, कुठे आणि कुणाच्या ताब्यात लिहून ठेवायचं, हा त्यातला मुद्दा. 2002च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची सोय केली आहे, ती निदान गावाच्या हातात असते. मुलांच्या रंगीत पुस्तकात एकदा छापून गेलं की ते परत घेता येत नाही. शिवाय ताई, पाला ओळखायला चुकलं तर मूल आजारी पडेल, हाही साधा विचार आहेच.

तर पुस्तक नाकारायचं का? मैत्रीण म्हणते तसं सगळंच सोडायचं का? सोडलंत तर तुमची टोचणी थांबेल, पण प्रकाशक उद्या दुसऱ्या कुणाला गाठेल आणि तिला कदाचित कुणी मेसेजही करणार नाही. मी तुमच्या जागी असते तर प्रकाशकाला असं म्हटलं असतं: चित्रं वारली चित्रकाराची किंवा चित्रकर्तीची असतील, मजकूर दोघांनी मिळून ठरवायचा, मुखपृष्ठावर दोघांची नावं सारख्या अक्षरांत, मानधन आणि रॉयल्टी निम्मी-निम्मी, मूळ चित्रं चित्रकाराकडे परत. तुम्ही मुलांना शिकवता, कुठलं वाक्य त्यांना कळेल आणि कुठे ती कंटाळतील हे तुम्हाला समजतं. ते तुमचं काम, आणि ते कमी नाही. चित्रं मात्र तुमची नकोत. तुमचा हात वाईट आहे म्हणून नव्हे. वारली चित्रं काढणारी माणसं हयात आहेत, बस अंतरावर आहेत आणि त्यांना काम हवं आहे, म्हणून.

करारात एक कलम मागून घ्या: कुठलंही पान किंवा चित्र गाळायला सांगण्याचा हक्क त्या कलावंताला असेल, आणि कारण द्यावं लागणार नाही. प्रकाशक यावरच अडतील. अडू द्या. नाही म्हणता येत नसेल तर त्याला विचारणं म्हणत नाहीत, ते कळवणं झालं.

विचारायला जाल तेव्हा छापील संमतीपत्र घेऊन एका माणसाची सही आणू नका. एक माणूस समाजाच्या वतीने सही देऊ शकत नाही, आणि तुम्हाला ती फक्त ढाल म्हणून लागणार असेल तर मुळीच नको. आयुशसारख्या संघटनेशी आधी बोला, काय चालतं काय नाही याची समज त्यांना आहे. डहाणूजवळच्या गंजाडकडे कलावंतांची घरं आहेत, तिथे जा. मसुदा झाला की तो दोन-तीन बायांसमोर मोठ्याने वाचा, वारली बोलणारं कुणी सोबत घेऊन, कारण पुस्तकी मराठीतलं वाक्य समोरच्याला पटलं की फक्त ऐकलं, हे आपल्याला कळत नाही. त्या कुठे हसतात ते टिपून ठेवा. तिथे बहुधा तुमचं चुकलेलं असतं.

आणि पैसे आधी द्या. आदिवासी कलावंताला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचे आणि 'तुम्हाला व्यासपीठ मिळालं' म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे. कार्यशाळेला वारली शिक्षक किंवा शिक्षिका बोलावलीत तर तुम्ही स्वतः जेवढं घेता तेवढं त्यांना, वर येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च. परवडत नसेल तर कार्यशाळा वर्षातून कमी घ्या.

त्या तरुणाला ब्लॉकमधून काढा आणि चार ओळी लिहा. 'तुमचं बरोबर आहे, चौक शिकवणं थांबवलं आहे, तेव्हा उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा.' बस. पुस्तकासाठी मदत करशील का, हे त्याच मेसेजमध्ये विचारू नका. त्याने तुमची चूक दाखवली म्हणून तुम्हाला शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्याने उत्तर दिलं नाही तरी चालेल.

असेच प्रश्न मला गोंड चित्रं शिकवणाऱ्या एका आणि चित्रकथीच्या साड्या करणाऱ्या एका वाचकाकडून आले आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी काय विचारायचं ते निराळं. आज आपण ज्याला गोंड चित्रं म्हणतो ती कागदावरची शैली मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांच्या हातून 1980च्या दशकात उभी राहिली, तिला जनगढ कलम म्हणतात. तिथे 'हजारो वर्षांची आदिवासी कला' लिहिण्याआधी त्यांचं नाव लिहा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी तर नुसती बघायची नाहीच, एकेक चित्र पुढे धरून, गात, कथा सांगायची असते. साडीच्या पदरावर सीतेचं एकच पान आलं तर कथा कुठे तोडली हे ठाकर कलावंताला लगेच कळेल. ऑर्डर पक्की करण्याआधी त्यालाच विचारा की पदरावर कुठलं पान चालेल, आणि ते विचारायचेही पैसे द्या.